बाइंड केल्यावर हातात काय पडतं, ते आधी सांगा

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमची जळगावची टीम कंपनीतल्या इतर टीमना पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि रॅबिटएमक्यू (प्रोग्राममधले निरोप पोचवणारी रांग) अशा दोन सर्व्हिस पुरवते. अ‍ॅप चालवायचा प्लॅटफॉर्म क्लाउड फाउंड्रीचा आहे आणि सर्व्हिस ब्रोकर, म्हणजे मागणीप्रमाणे सर्व्हिस काढून देणारा मधला प्रोग्राम, तुम्ही स्वतः लिहिला आहे. धुळे आणि नंदुरबारचे डेव्हलपर सर्व्हिस आपापल्या अ‍ॅपला बाइंड करतात, म्हणजे जोडतात, मग त्यांना क्रेडेन्शियल्स, म्हणजे पत्ता, युजरनेम, पासवर्ड असा जोडणीचा तपशील, मिळतात. डॉक्युमेंटेशनच्या नावाखाली मात्र त्या तपशिलाचा एक नमुना जेसॉन (फील्ड आणि त्यांच्या व्हॅल्यू मांडलेला मजकूर) चिकटवलेला आहे आणि त्याखाली एक ओळही नाही. रोज दोन-तीन फोन येतात. तुमचे मॅनेजर म्हणतात, "कॅटलॉगमध्ये सगळं असतंच की, वेगळं काय लिहायचं?" आणि तू विचारतोस, "दादा, नक्की काय लिहू आणि किती?"

पहिलं मॅनेजरांच्या म्हणण्याचं. कॅटलॉगमध्ये ते नसतं. ओपन सर्व्हिस ब्रोकर एपीआय, म्हणजे प्लॅटफॉर्म आणि ब्रोकर एकमेकांशी कसे बोलतात ते ठरवणारं स्पेसिफिकेशन, शांतपणे वाचून बघ. कॅटलॉग मागितल्यावर ब्रोकर सर्व्हिसचं नाव, वर्णन, टॅग, प्लॅन आणि 'बाइंडेबल' हा होय किंवा नाही असा शेरा देतो. हा शेरा प्लॅनच्या पातळीवर बदलताही येतो, म्हणजे सर्व्हिस बाइंडेबल असते पण तिचा एखादा प्लॅन नसतो. कॅटलॉगमध्ये स्कीमा (माहिती कोणत्या साच्यात हवी ते) देता येतात हे खरं. पण त्या सगळ्या आत जाणाऱ्या पॅरामीटरच्या आहेत: इन्स्टन्स (सर्व्हिसची एक प्रत, जसा एक डेटाबेस) बनवताना काय पाठवायचं, बाइंड करताना काय पाठवायचं. उलट दिशेने जे येतं, ते 'क्रेडेन्शियल्स' नावाचं ऑब्जेक्ट, त्याच्या आत काय असावं हे स्पेसिफिकेशन ठरवून देत नाही. तो मोकळा डबा आहे. ब्रोकर लिहिणाऱ्याने त्यात जे भरलं ते डेव्हलपरला मिळतं. बाइंड करण्याआधी डब्यात काय आहे हे कळायची एकच जागा उरते, आणि ती म्हणजे तू लिहिशील ते पान.

नमुना जेसॉन का पुरत नाही, हे मला घरच्या एका गोष्टीवरून कळलं. आमची शेती एरंडोल तालुक्यात, कपाशीची. मृगाच्या तोंडावर आबा बियाण्याची पाकिटं आणायचे. पाकिटावर फुटलेल्या बोंडाचं टपोरं चित्र असायचं आणि मी लहानपणी तेच बघत बसायचो. आबा पाकीट उलटं करायचे आणि लेबल वाचायचे: वाण कोणतं, लॉट नंबर काय, उगवणशक्ती किती टक्के, तपासणी कधी झाली, कुठल्या तारखेपर्यंत पेरायचं. बियाणे कायदा १९६६ सालचा आहे आणि लेबलवर काय छापलंच पाहिजे ते त्या कायद्यातून आलेलं आहे. पाकीट फोडलं तरी आबा लेबल पावतीला टाचून ठेवायचे, कारण बी उगवलं नाही तर तक्रार लेबलवर होते, चित्रावर होत नाही. तुमचा नमुना जेसॉन म्हणजे बोंडाचं चित्र आहे. एका बाइंडिंगमध्ये एका दिवशी काय आलं, एवढंच ते दाखवतं. दर वेळी काय येईल, काय कधीच येणार नाही, आणि आलेलं किती दिवस चालेल, हे लेबलने सांगायचं असतं.

आता लेबलवर काय लिहायचं ते. (इथे मी फील्डची नावं देवनागरीत लिहितोय. तुझ्या पानावर मात्र ती कोडमध्ये आहेत तशीच, लहान-मोठ्या अक्षरांसकट छाप. 'होस्ट' आणि 'होस्टनेम' ही दोन वेगळी फील्ड आहेत आणि डेव्हलपर पानावरून कॉपी करतो.)

प्रत्येक फील्डसमोर तो जेसॉनमध्ये कोणत्या प्रकारात येतो ते आधी लिही. पोर्ट घे. नमुन्यात ५४३२ दिसतं, पण तो आकडा आहे की अवतरणचिन्हांतली स्ट्रिंग? पायथनवाल्याला फरक पडायच्या आधी त्याचं काम होऊन जातं. गो भाषेत ज्याने स्ट्रक्टमध्ये इंट, म्हणजे आकडा, लिहिलाय त्याचं पार्सिंग मात्र तिथेच बसतं. त्यानंतर लिही की फील्ड कायम येतो की ठरावीक प्लॅनमध्येच. जे नाही ते नमुन्याला दाखवता येत नाही. समजा तुमच्या मोठ्या प्लॅनमध्ये वाचण्यासाठी वेगळा रेप्लिका होस्ट (डेटाबेसच्या प्रतीचा सर्व्हर) मिळतो आणि लहान प्लॅनमध्ये नाही. नमुना मोठ्या प्लॅनचा असेल, तर लहान प्लॅन घेतलेला नंदुरबारचा मुलगा ते फील्ड शोधत बसेल आणि तुला फोन करेल. त्याचं काहीच चुकलेलं नसेल.

सगळ्यात जास्त शब्द यूआरआयवर खर्च कर. होस्ट, पोर्ट, युजरनेम, पासवर्ड, डेटाबेसचं नाव हे सगळं वेगवेगळं दिल्यावरही बहुतेक ब्रोकर शेवटी एक जोडलेला यूआरआय देतात. क्लाउड फाउंड्रीच्या जगात ही जुनी रीत आहे आणि चांगली आहे, कारण बऱ्याच लायब्रऱ्यांना तो एकच लागतो. पण सगळ्यात जास्त घोळ मी तिथेच पाहिलेत.

एक प्रसंग सांगतो. तेव्हा मी जळगावातच एका छोट्या कंपनीत होतो आणि आमचा ब्रोकर मीच लिहिला होता. रावेर-सावद्याकडच्या केळीच्या गाड्यांची वजनं नोंदवणारं एक अ‍ॅप त्यावर चालायचं. कापणीचा जोर होता, काट्यावर गाड्यांची रांग लागलेली, आणि रात्री साडेअकराला फोन: "भो, लॉगिन व्हत नही." त्या संध्याकाळी त्यांनी अ‍ॅप नव्याने बाइंड केलं होतं. लॉगमध्ये एरर होता की पोर्ट हा आकडा नाही. मी पोर्ट तपासला, बरोबर होता. नेटवर्क तपासलं, फायरवॉल तपासली. दीड तास गेला. शेवटी त्यांनी कंटाळून अनबाइंड करून पुन्हा बाइंड केलं आणि सगळं सुरळीत झालं. आम्ही झोपलो. पंधरा दिवसांनी दुसऱ्या अ‍ॅपला तेच झालं.

कारण असं होतं: ब्रोकर प्रत्येक बाइंडिंगला नवा पासवर्ड बनवायचा आणि त्यात विशेष चिन्हंही येऊ द्यायचा. तो पासवर्ड मी यूआरआयमध्ये (युजरनेम:पासवर्ड@होस्ट:पोर्ट असा तिथला क्रम असतो) जसाच्या तसा चिकटवत होतो. यूआरआयचं व्याकरण २००५ च्या आरएफसी ३९८६ या इंटरनेट मानकात लिहिलेलं आहे. तिथे # हे चिन्ह आलं की पुढचं सगळं फ्रॅगमेंट (शेवटची पुरवणी) धरलं जातं, / आलं की होस्टचा भाग संपतो. पासवर्डमध्ये # पडला की पार्सरच्या लेखी युजरनेम हाच होस्ट ठरतो आणि कोलननंतरचा अर्धा पासवर्ड हा पोर्ट. म्हणून चूक पासवर्डात आणि एरर पोर्टचा. नव्याने बाइंड केलं की नवा पासवर्ड यायचा, त्यात बहुतेक वेळा # नसायचा, आणि दुखणं आपोआप बरं झाल्यासारखं वाटायचं. त्या रात्री काट्यावर थांबलेल्या ड्रायव्हरांना माझ्या एका न लिहिलेल्या ओळीमुळे थांबावं लागलं, हे मी विसरलेलो नाही.

ती ओळ दोन ठिकाणी हवी होती. कोडमध्ये: यूआरआय जोडताना युजरनेम आणि पासवर्ड पर्सेंट-एन्कोड करायचे, म्हणजे @ च्या जागी %४०, # च्या जागी %२३. आणि पानावर: "यूआरआयमधला पासवर्ड एन्कोड केलेला आहे, पासवर्ड या वेगळ्या फील्डमधला मात्र कच्चा आहे." हे वाक्य नसेल तर काळजीपूर्वक काम करणारा डेव्हलपर यूआरआयमधून पासवर्ड कापून तसाच लॉगिनला देतो, किंवा कच्चा पासवर्ड घेऊन स्वतः यूआरआय बांधतो आणि माझीच चूक पुन्हा करतो. पुढे मी पासवर्ड फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचा केला, लांबी वाढवली, आणि तेही पानावर लिहिलं. तू सुरुवातच तिथून कर.

यूआरआयच्या सुरुवातीचा शब्दही नेमका छाप. काही लोक 'पोस्टग्रेस' देतात, काही 'पोस्टग्रेसक्यूएल'. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या लायब्ररीला दोन्ही चालतात, पण एसक्यूएलअल्केमी या पायथनच्या लायब्ररीने २०२१ मध्ये आलेल्या १.४ आवृत्तीपासून पहिलं नाव स्वीकारणं बंद केलं आणि त्या वर्षी कित्येकांची चालू अ‍ॅप्स अपग्रेडनंतर अडली. जावावाल्यांना हा यूआरआय तसाही चालत नाही. त्यांना जेडीबीसीचा (जावाच्या डेटाबेस-जोडणीचा) वेगळा लागतो आणि त्यात युजरनेम-पासवर्ड @ च्या आधी लिहायची सोय नाही. तुमच्याकडे जावाच्या टीम असतील तर जेडीबीसी यूआरएल हे वेगळं फील्ड द्या. देणार नसाल तर "सुट्या फील्डमधून असा बांधा" एवढं तरी उदाहरणासह लिहा.

रॅबिटएमक्यूच्या बाबतीत व्हीहोस्टचा (एकाच सर्व्हरवरच्या वेगळ्या कप्प्याचा) खुलासा हवाच. तिथला डीफॉल्ट व्हीहोस्ट म्हणजे नुसती तिरपी रेघ. यूआरआयमध्ये तो %२एफ असा लिहावा लागतो. सुट्या फील्डमध्ये '/' आणि यूआरआयमध्ये %२एफ बघून नवखा माणूस गोंधळणार, हे धरून चाल. एन्क्रिप्शनशिवायचा पोर्ट ५६७२ आणि टीएलएसचा, म्हणजे एन्क्रिप्शनसकटचा, ५६७१. यांपैकी तुम्ही कोणता देता हे एका वाक्यात लिहून टाक.

टीएलएसवरून आठवलं. सर्टिफिकेट देत असाल तर ते कोणत्या रूपात देता हे सांगा. पीईएम या सर्टिफिकेटच्या मजकुरी रूपात ओळी असतात, जेसॉनमध्ये त्या ओळींच्या जागी एस्केप केलेली खूण येते. कोणी ते शेलमधून फाइलमध्ये ओततं आणि सगळं सर्टिफिकेट एका ओळीत येऊन निकामी होतं. काही ब्रोकर वरून बेस६४ (साध्या अक्षरांत रूपांतर) करतात. मग डेव्हलपरला एकदा उघडायचं की दोनदा हेच कळत नाही. पोस्टग्रेसमध्ये एसएसएलमोडही (एन्क्रिप्शन आणि तपासणी किती कडक ते ठरवणारं सेटिंग) सांग. क्लायंटचा डीफॉल्ट 'प्रेफर' आहे: जमलं तर एन्क्रिप्शन, नाही जमलं तर साधं, आणि सर्टिफिकेट तपासायचं बंधन नाही. समोरचा सर्व्हर खरोखर तोच आहे ना, नाव जुळतं ना, हे फक्त 'व्हेरिफाय-फुल' तपासतो. तुम्ही सीए सर्टिफिकेट (सर्व्हरचं सर्टिफिकेट ज्याच्याशी ताडून बघायचं ते) दिलं पण व्हेरिफाय-फुल वापरा असं लिहिलं नाही, तर दिलेलं सर्टिफिकेट बहुतेक ठिकाणी नुसतं पडून राहील.

आता ज्याबद्दल जवळपास कोणीच लिहीत नाही तो भाग: मिळालेल्या युजरला काय करायचा अधिकार आहे. पोस्टग्रेसमध्ये हा मुद्दा फार खोल आहे, म्हणून थोडा थांबतो.

तुमचा ब्रोकर प्रत्येक बाइंडिंगला नवा रोल (डेटाबेसमधला युजर) बनवतो असं तू लिहिलंस. चांगली पद्धत आहे, एकाचा पासवर्ड फुटला तर एकालाच बंद करता येतं. पण पोस्टग्रेसमध्ये टेबल जो रोल बनवतो त्याच्या मालकीचं होतं. धुळ्याच्या टीमने अ‍ॅप बाइंड केलं, मायग्रेशन चालवलं, टेबलं बनली आणि ती पहिल्या रोलच्या नावावर गेली. दोन महिन्यांनी त्याच डेटाबेसला दुसरं अ‍ॅप बाइंड झालं, त्याला दुसरा रोल मिळाला. दुसऱ्या अ‍ॅपला त्या टेबलांतलं वाचायचीही परवानगी नसेल, कॉलम वाढवणं तर दूरच, कारण ते मालकालाच करता येतं. डेव्हलपरला फक्त 'परमिशन डिनाइड' दिसतं आणि त्याला वाटतं क्रेडेन्शियल्स चुकीचे आले. पुढे पहिलं अ‍ॅप अनबाइंड करायला जा, ब्रोकर रोल काढून टाकायला बघतो आणि पोस्टग्रेस नकार देतं, कारण त्या रोलच्या नावावर अजून टेबलं आहेत. आधी मालकी दुसऱ्याच्या नावावर करावी लागते. सातबाऱ्यावर नाव असताना माणूस खात्यातून काढता येत नाही, तसंच हे.

यावरचा चांगला उपाय असा की ब्रोकरने इन्स्टन्सपुरता एक सामायिक मालक-रोल ठेवायचा, लॉगिन न करणारा, आणि बाइंडिंगचे सगळे रोल त्याचे सदस्य करायचे, शिवाय लॉगिन होताच ते आपोआप मालक-रोलच्या नावाने काम करतील असं सेटिंग लावायचं. मग टेबलं सामायिक नावावर राहतात. तुमचा ब्रोकर हे करतो की नाही ते तू मला लिहिलेलं नाहीस. करत असेल तर पानावर लिही, "टेबलांची मालकी सामायिक आहे, अनबाइंड केल्यावर टेबलं आणि डेटा राहतो." करत नसेल तर ते जास्त ठळक लिही, कारण मग डेव्हलपरला स्वतः काळजी घ्यावी लागणार आहे. डेटाबेस बनवायचा अधिकार आहे का, एक्स्टेन्शन चालू करता येतात का आणि कोणती, एका रोलला एका वेळी किती कनेक्शन उघडता येतात, हेही याच परिच्छेदात यायला हवं. पोस्टग्रेसची डीफॉल्ट कमाल १०० कनेक्शनची असते, तीही सगळ्या बाइंडिंगमध्ये मिळून. ज्याने आपल्या पूलला (उघड्या ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्याला) ५० लिहिलेत आणि अ‍ॅपच्या तीन प्रती चालवल्यात, त्याचा फोन तुला येणारच आहे.

क्रेडेन्शियल्सचं आयुष्य हा पुढचा भाग. क्लाउड फाउंड्रीमध्ये ते 'व्हीकॅप सर्व्हिसेस' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून येतात, आणि हे व्हेरिएबल प्रोसेस सुरू होताना भरलं जातं. चालू अ‍ॅपला बाइंड केलं म्हणून लगेच त्याला काही दिसत नाही. अ‍ॅप पुन्हा सुरू करावं लागतं. अनबाइंड केल्यावर उलटं होतं: व्हेरिएबलमध्ये जुना पासवर्ड अजून दिसत असतो, पण ब्रोकरने तिकडे रोल काढलेला असतो, म्हणून पुढचं कनेक्शन फसतं. ही दोन वाक्यं पानावर लिहिलीस तर माझ्या अंदाजाने तुझे निम्मे फोन तिथेच थांबतील.

त्या व्हेरिएबलचा आकारही दाखव. वरच्या पातळीवर सर्व्हिसचं नाव, त्याखाली अ‍ॅरे, अ‍ॅरेतल्या प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये इन्स्टन्सचं नाव, प्लॅन, टॅग आणि आत 'क्रेडेन्शियल्स'. अनेक जण सरळ अ‍ॅरेतलं पहिलं ऑब्जेक्ट उचलतात. एकच इन्स्टन्स असेतो चालतं, पण दुसरा पोस्टग्रेस बाइंड केला की कुठलं पहिलं येईल यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि रिपोर्टिंगचं अ‍ॅप मुख्य डेटाबेसवर लिहू लागतं. "इन्स्टन्सच्या नावाने शोधा" असं स्पष्ट लिही आणि चार ओळींचं उदाहरण तुमच्याकडे जी भाषा जास्त चालते तिच्यात दे.

पासवर्ड ठरावीक मुदतीने बदलत असाल तर मुदत लिही, आणि नवा मिळाल्यावर जुना किती वेळ चालत राहतो तेही. ब्रोकर एपीआयच्या अलीकडच्या आवृत्तीत बाइंडिंगसोबत मुदत संपायची वेळ पाठवायची सोय आहे आणि आधीच्या बाइंडिंगवरून नवं बाइंडिंग काढायचीही. तुमचा प्लॅटफॉर्म ते वापरत नसेल तर "पासवर्ड आपोआप बदलत नाही, बदलायचा तर नवं बाइंडिंग करा, अ‍ॅप पुन्हा सुरू करा, मग जुनं काढा" हा क्रम लिही. क्रम महत्त्वाचा आहे. जुनं आधी काढणाऱ्यांची अ‍ॅप्स मधल्या वेळात बंद पडलेली मी पाहिली आहेत. सर्व्हिस की म्हणून जे वेगळं काढता येतं, लॅपटॉपवरून डेटाबेस बघायला, तेही वेगळंच क्रेडेन्शियल असतं आणि अ‍ॅप अनबाइंड केलं म्हणून ते मरत नाही. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर ते राहून जातं. ते कसं काढायचं, ही ओळ विसरू नकोस.

तू शेवटी विचारलंस की पुढे कुबरनेटिस या दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर गेल्यावर हे सगळं पुन्हा लिहावं लागेल का. पुष्कळसं नाही. तिथे सर्व्हिस बाइंडिंगचं स्वतंत्र स्पेसिफिकेशन आहे आणि ते तुझ्या कामाला मदतच करतं, कारण काही नावं त्यात ठरवून दिलेली आहेत: टाइप, प्रोव्हायडर, होस्ट, पोर्ट, यूआरआय, युजरनेम, पासवर्ड, सर्टिफिकेट्स, प्रायव्हेट-की. यांतला टाइप असायलाच हवा, प्रोव्हायडर असावा अशी शिफारस आहे. ही नावं वापरलीस तर अर्थही त्यांचाच ठेवायचा. होस्ट लिहून त्यात पोर्ट घुसवायचा नाही. तिथे क्रेडेन्शियल्स जेसॉनमधून येत नाहीत, 'सर्व्हिस बाइंडिंग रूट' या व्हेरिएबलने दाखवलेल्या फोल्डरमध्ये फाइली म्हणून येतात: प्रत्येक बाइंडिंगचा एक उपफोल्डर, प्रत्येक फील्डची एक फाइल. सगळंच मजकूर असल्यामुळे पोर्ट आकडा की स्ट्रिंग हा वाद संपतो. सीक्रेट (कुबरनेटिसमध्ये क्रेडेन्शियल्स ठेवायची जागा) बदललं की माउंट केलेल्या फाइली थोड्या वेळाने आपोआप ताज्या होतात, पण अ‍ॅपने त्या सुरुवातीला एकदाच वाचल्या असतील तर त्याला ते कळत नाही. हे वाक्य व्हीकॅपच्या वाक्याशेजारी ठेव, कारण स्थलांतराच्या काळात तुमच्याकडे दोन्ही प्रकारची अ‍ॅप्स असणार आहेत. आणि सीक्रेटमधलं बेस६४ म्हणजे कुलूप आहे असा समज नव्या मुलांमध्ये सर्रास आहे. कोणीही ते उलटं करून वाचू शकतं, हेही लिही.

आजच्याच पानावर जमलं तर हीच नावं घे. तुमचा 'होस्टनेम' आज चालू आहे, म्हणून तो काढू नकोस. 'होस्ट' नव्याने जोड, दोन्ही ठेव, आणि पानावर लिही की जुना कुठल्या तारखेपर्यंत राहील. फील्ड वाढवणं बिनधोक असतं. नाव बदलणं, काढून टाकणं, किंवा आकड्याची स्ट्रिंग करणं, यातलं काहीही केलं तर चालू अ‍ॅप मोडतं, आणि लगेच मोडत नाही. पुढच्या बाइंडिंगला मोडतं, म्हणजे कधीतरी रात्री, जेव्हा बदल केल्याची आठवण कोणालाच नसते.

उदाहरणांमध्ये फील्डच्या खऱ्या व्हॅल्यू कधीही नकोत. मी एका ठिकाणी पाहिलंय, पानावरचा 'नमुना' पासवर्ड खरा होता आणि चालू होता. कोणीतरी स्वतःच्या टर्मिनलवरून उचलून चिकटवला होता. नंतर पान दुरुस्त केलं, पण गिटच्या (जुने बदल जपून ठेवणाऱ्या साधनाच्या) इतिहासात तो तसाच बसला. असं घडलं तर पान सुधारण्याच्या आधी पासवर्ड रद्द करायचा. होस्टसाठी 'एक्झाम्पल डॉट कॉम' वापर, ते नाव १९९९ सालच्या आरएफसी २६०६ मध्ये याच कामासाठी राखून ठेवलेलं आहे. पासवर्डच्या जागी असा शब्द घाल की तो वाचताक्षणी खोटा आहे हे कळेल.

पान आणि ब्रोकर यांची फारकत होऊ नये म्हणून एक लहान स्क्रिप्ट लिही. चाचणीच्या इन्स्टन्सला प्रत्येक प्लॅनवर बाइंड करायचं, मिळालेल्या क्रेडेन्शियल्समधली फक्त फील्डची नावं आणि प्रकार काढायचे, व्हॅल्यू तिथेच टाकून द्यायच्या, आणि पानावरच्या यादीशी जुळवायचं. जुळलं नाही तर बिल्ड थांबवायची. शेवटी अनबाइंडही करायचं, नाहीतर चाचणीचे रोल साचत जातात. आमच्याकडे या स्क्रिप्टने पहिल्याच दिवशी एक फील्ड पकडलं जे तीन प्लॅनपैकी एकात येतच नव्हतं.

भाषेचं तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. फील्डची नावं आणि कोड जसंच्या तसं ठेव, पण वर्णन मराठीत लिहायला संकोच करू नकोस. तुमचे निम्मे डेव्हलपर शिरपूर, शहादा, चाळीसगावकडून शिकून आलेत, मराठीत विचार करतात, आणि रात्री अडचणीत असताना इंग्रजीतलं लांब वाक्य दोनदा वाचावं लागतं. "हा रोल टेबलांचा मालक नसतो" हे त्यांना एकदाच वाचावं लागेल.

सुरुवात उद्याच कर आणि सगळं एकदम लिहायला जाऊ नकोस. गेल्या महिनाभरातले फोन आठवून कागदावर मांड, यूआरआय आणि मालकी हे दोन परिच्छेद आधी लिही. मग नंदुरबारच्या टीममध्ये जो सगळ्यात नवा मुलगा आहे त्याला फक्त ते पान दे, नमुना जेसॉन देऊ नकोस, आणि बाइंड करून टेबल बनवायला सांग. तो जिथे थांबेल तिथे तू काही बोलू नकोस. त्याने तुला कोणता प्रश्न विचारला तो शब्दशः लिहून घे आणि त्याचं उत्तर पानावर त्याच जागी टाक.